रात्रभराच्या रांगेचा मालक कोण?

नवा फोन बाजारात यायचा असला की दोन बातम्या ठरलेल्या. एक फोनची आणि दुसरी दुकानासमोर रात्रभर पथारी टाकून बसलेल्या माणसांची. पहिली वाचून लोक कॅमेरा आणि बॅटरीवर काथ्याकूट करतात, दुसरी वाचून हसतात. ‘यांना कामधंदे नाहीत का’, ‘आईबापाच्या औषधासाठी कधी एवढा वेळ उभे राहिले असतील का’, ‘एवढं जागरण अभ्यासासाठी केलं असतं तर’ हे शेरे दरवर्षी तेच असतात, फोनच्या नावापुढचा आकडा तेवढा बदलतो.

हे हसू चुकीच्या पत्त्यावर जातं असं मला वाटतं. रांगेतला माणूस फार तर हौशी असेल, उतावळा असेल, किंवा चार पैसे सुटतात म्हणून आला असेल. रांग काही त्याने उभी केलेली नसते. ज्या कंपनीने ती उभी राहू दिली, किंबहुना राहावी अशी तजवीज केली, ती काचेआड निवांत असते. फुटपाथ सगळ्यांचा, बंदोबस्ताचे पोलीस सगळ्यांच्या करातून, जागरण गिऱ्हाइकाचं आणि जाहिरात कंपनीची, असा हा व्यवहार आहे. त्याचा जमाखर्च मांडायचं सोडून आपण गिऱ्हाइकाच्या अकलेची मापं काढत बसतो.

आधी हौशी मंडळींबद्दल बोलू, कारण सगळ्यात जास्त टवाळी त्यांची होते. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस आला तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसच्या दुकानासमोर पहिला नंबर लावला होता स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी. ॲपलचे सहसंस्थापक. त्यांनी एक फोन केला असता तर कंपनीने नवा फोन घरपोच पाठवला नसता का? तरी ते आदल्या दिवशीच येऊन बसले आणि रात्रभर लोकांशी गप्पा मारल्या. स्टीव्ह जॉब्स यांना जाऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. वॉझ्नियॅक यांना वेडा म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला आपण ते का म्हणतो? दोघंही एकाच गोष्टीसाठी आले होते. आपल्यासारख्याच वेडाच्या माणसांबरोबर एक रात्र काढायला मिळते, तिच्यासाठी.

आणि ती रात्र पाहण्यासारखी असते. दोन-अडीचच्या सुमाराला अशा रांगेच्या कडेने चक्कर मारून बघा. पुढचे दहा-बारा जण घडीच्या खुर्च्यांवर, त्यांच्यामागचे पुठ्ठ्यांवर, त्याहून मागचे नुसतेच भिंतीला टेकलेले. एकाच पॉवर बँकेला तीन अनोळखी माणसांचे फोन लटकलेले, आणि गंमत म्हणजे जो फोन उद्या अडगळीत जाणार त्याचीच बॅटरी टिकवायची सगळ्यांची धडपड. कुणाकडे तरी एक वही असते. तिच्यात नावं आणि क्रमांक. ठरावीक तासांनी हजेरी होते आणि ओ दिली नाही त्याच्या नावावर काट. शौचालय शोधायला जाताना पिशवी जागेवर ठेवायची, मागच्याला सांगून जायचं आणि ‘फार वेळ लावायचा नाही’ ही ताकीद ऐकून घ्यायची. हे नियम दुकानाने घातलेले नसतात. संध्याकाळपर्यंत एकमेकांना न ओळखणारी माणसं मध्यरात्रीच्या आत एक छोटी पंचायत उभी करतात.

रांगेतली ही पंचायत फोनच्याही आधीची. लिऑन मान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या तिकिटांसाठी रात्र-रात्र लागणाऱ्या रांगांचा अभ्यास केला होता. तिथेही हेच होतं. पाळ्या लावलेल्या, जागेवर खोकी ठेवलेली, किती वेळ गैरहजर राहिलेलं चालेल याचे अलिखित कायदे. न्यूयॉर्कमध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने याच्या उलट बाजूने हात घातला. आपले विद्यार्थी मुद्दाम १२९ रांगांमध्ये घुसवले आणि लोक काय करतात ते टिपून ठेवलं. जेमतेम दहातल्या एका रांगेत घुसखोराला ढकलण्या-ओढण्यापर्यंत मजल गेली. जो काही विरोध झाला तो मुख्यतः त्याच्या लगेच मागे उभ्या असलेल्यांकडून. म्हणजे रांगेला पहारेकरी नसतो, ती एकमेकांच्या भिडेवर उभी असते. रात्रभराच्या रांगेत वही का निघते ते यातून कळतं. भीड पहाटेपर्यंत पुरत नाही.

या मान यांचंच आणखी एक निरीक्षण मला फोनच्या रांगांसाठी फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना तिकीट मिळण्याची शक्यताच उरलेली नाही अशा, रांगेच्या शेपटाकडच्या लोकांना ‘तुमच्यापुढे किती माणसं असतील’ असं विचारलं, तर ते खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगतात. त्यांना मोजता येत नाही असं नव्हे, आशा त्यांच्याकडून कमी मोजून घेते. आता असं बघा, तिकिटांच्या रांगेत मैदानाची क्षमता तरी ठाऊक असते. फोनच्या दुकानात आज किती नग आलेत हे बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. आतल्यांना असतं, आणि ते सांगत नाहीत. शंभर फोन आणि चारशे माणसं असतील तर तीनशे जणांची रात्र वाया जाणार हे दुकानाला संध्याकाळीच माहीत असतं. एक कागद छापून दाराला चिकटवला तर तीनशे माणसं जेवायला घरी जातील. पण मग सकाळी छायाचित्रात रांग कोपऱ्यावरून वळलेली दिसणार नाही.

इथे मुद्द्यावर येऊ. ही रांग लागते कशासाठी? माल वाटायला तिची गरज आहे का? सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोन ६ आणि ६ प्लसची आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या २४ तासांत ४० लाखांहून जास्त फोन नोंदले गेले, असं ॲपलनेच जाहीर केलं. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत एक कोटीहून अधिक फोन खपले. जी कंपनी एका दिवसात ४० लाख लोकांची नावं, पत्ते आणि पैसे बिनबोभाट गोळा करू शकते, तिला दुकानासमोरच्या काहीशे माणसांना वेळ नेमून देता येत नाही, यावर कुणी विश्वास ठेवावा? याहून मोठा पुरावा २०२० सालचा. त्या वर्षी गर्दीवर जगभर निर्बंध होते, बहुतेक ठिकाणी नव्या फोनसाठी रात्रीच्या रांगा लागूच शकल्या नाहीत. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत ॲपलचं फोनमधलं उत्पन्न ६५.६ अब्ज डॉलरवर गेलं. तोवरचा तो उच्चांक होता. रांग नव्हती म्हणून फोन खपले नाहीत असं काही झालं नाही.

म्हणजे वाटपासाठी रांग लागत नाही. ती दिसण्यासाठी लागते. पुन्हा मिलग्रॅम यांच्याकडेच जायचं तर, १९६९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक साधा प्रयोग आहे. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एक माणूस उभा करायचा आणि त्याने समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे मिनिटभर टक लावून बघायचं. एकच माणूस बघत असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के लोक थांबले. पंधरा जण बघत असताना ४० टक्के थांबले. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. दुकानासमोरची रांग हेच काम करते, आणि तिथे तर खिडकीत खरोखरच काहीतरी चकचकीत ठेवलेलं असतं. रांगेतला माणूस एक फोन विकत घेतो, पण त्याच्याकडे बघून घरी बसलेले किती जण ‘आपलाही आता जुना झालाय’ असं मनाशी म्हणतात, त्याची मोजदाद कुठे होत नाही. जाहिरातीत काम करणाऱ्याला मानधन द्यावं लागतं. हा मात्र पदरमोड करून रात्रभर काम करतो.

मी उगाच संशय घेतोय असं वाटत असेल तर पोलंडची गोष्ट ऐका. ऑगस्ट २००८ मध्ये तिथे आयफोन ३जी आला. ऑरेंज या मोबाइल कंपनीने देशभरातल्या वीस दुकानांसमोर चक्क नट उभे केले. भाडोत्री रांग. विचारणा झाल्यावर कंपनीच्या प्रवक्त्याने ते कबूलही केलं, लोकांचं कुतूहल वाढवायला केलं म्हणाला. मला त्या कंपनीचं एका परीने कौतुकच वाटतं. बाकीच्या कंपन्या जे फुकट मिळवतात त्याची किंमत तिने निदान मोजली. नटांना त्या दिवसाचे पैसे मिळाले असतील.

सॅमसंगचा किस्साही मासलेवाईक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सिडनीत आयफोन ४एसच्या आधी काही दिवस, ॲपलच्या दुकानाजवळच सॅमसंगने एक तात्पुरतं दुकान थाटलं आणि रोज पहिल्या दहा जणांना गॅलेक्सी एस टू हा फोन अवघ्या दोन ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये देऊ केला. लोक अर्थातच रात्री मुक्कामाला आले. पुढच्याच महिन्यात याच कंपनीची जाहिरात आली, तिच्यात ॲपलच्या दुकानासमोर रांगेत बसलेल्यांची यथेच्छ टिंगल होती. रांग लावायची तर स्वतःची, हसायचं तर दुसऱ्याच्या रांगेला.

दार उघडण्याचा सोहळा तर कुणी बारकाईने बघतच नाही. एकसारखे टी-शर्ट घातलेले कर्मचारी दोन ओळी करून उभे राहतात, उलटे आकडे मोजतात, टाळ्या वाजवतात, पहिला माणूस आत शिरतो तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखा जल्लोष होतो. तो बाहेर येऊन डबा डोक्यावर धरतो. कॅमेरे खटाखट उडतात. पैसे त्याने दिलेत, फोन त्याने घेतलाय, आणि सत्कार झाल्याची भावनाही त्यालाच. यामागचं मानसशास्त्रही जुनंच. १९५९ साली ॲरनसन आणि मिल्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की एखाद्या गटात प्रवेश मिळवायला जितका जास्त त्रास सोसावा लागतो तितका तो गट माणसाला चांगला वाटू लागतो, मग गटातल्या चर्चा कितीही रटाळ असोत. रात्रभर कुडकुडून घेतलेल्या फोनला नावं ठेवणं म्हणजे स्वतःच्या रात्रीला नावं ठेवणं. ते कोण करील? जागरणातून कंपनीला जाहिरात तर मिळतेच, वर एक पाठीराखा मिळतो.

या निष्ठेची परतफेड कशी होते तेही नोंदलेलं आहे. पहिला आयफोन २९ जून २००७ ला अमेरिकेत विक्रीला आला. ८ जीबीचा फोन ५९९ डॉलरला. कित्येकांनी त्यासाठी रात्री काढल्या. ५ सप्टेंबरला, म्हणजे सव्वादोन महिन्यांत, त्याची किंमत ३९९ डॉलर झाली. रांगेतल्यांनी आरडाओरडा केल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि आधीच्या गिऱ्हाइकांना १०० डॉलरची सवलत देऊ केली. नुकसान दोनशेचं, भरपाई शंभराची, आणि तीही त्याच कंपनीच्या दुकानात खर्च करायची.

पहिल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला नवा फोन इतरांआधी मिळतो हे खरं, पण त्यातल्या उणिवाही त्यालाच आधी मिळतात. ११ जुलै २००८ ला, आयफोन ३जी अमेरिकेत आला त्याच दिवशी, ॲपलचे सर्व्हर कोलमडले आणि लोक हातात नवाकोरा बंद फोन घेऊन दुकानात अडकून पडले. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ च्या तिसऱ्या आठवड्यात आला, बॅटऱ्या पेट घेऊ लागल्यामुळे २ सप्टेंबरला परत मागवावा लागला आणि ऑक्टोबरमध्ये कायमचा बंद झाला. ज्याने महिनाभर धीर धरला त्याच्या खिशात काही पेटलं नाही.

पण आता रांगेत हौशी किती उरलेत हाच प्रश्न आहे. १३ जानेवारी २०१२ ला बीजिंगमधल्या सानलितुन भागात आयफोन ४एसच्या विक्रीच्या दिवशी जे झालं ते यानंतरच्या सगळ्या रांगांची नांदी होती. कडाक्याच्या थंडीत लोक रात्रभर थांबले होते. त्यात हौशी होतेच, पण दलालांनी रोजंदारीवर आणलेली माणसंही मोठ्या संख्येने होती. गर्दी बघून दुकानाने सकाळी दारच उघडलं नाही. चिडलेल्या लोकांनी काचेवर अंडी फेकली, पोलिसांनी जमाव पांगवला, आणि कंपनीने बीजिंग व शांघायच्या आपल्या दुकानांतली आयफोनची विक्रीच काही काळ थांबवली. २०१४ मध्ये चीनमध्ये नवा फोन इतर देशांपेक्षा महिनाभर उशिरा, १७ ऑक्टोबरला यायचा होता. मधल्या महिन्यात न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या रांगांचे पुढचे नंबर अशा लोकांनी भरले होते ज्यांना तो फोन वापरायचाच नव्हता. दाराबाहेर आल्या आल्या डबा दलालाच्या पिशवीत जात होता.

त्या रात्री पुठ्ठ्यावर बसलेल्या एखाद्या वयस्क बाईचं छायाचित्र बघून ‘या वयात फोनचा काय सोस’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं, की तिला सोस असला तर घरभाड्याचा. न्यूयॉर्कमध्ये तर नोकरी गेलेल्या एका माणसाने २०१२ साली आयफोन ५ साठी दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभं राहून पैसे मिळवले आणि त्यातून रांगेत उभं राहण्याचा धंदाच सुरू केला. सिडनीत २०१५ साली एका बाईने स्वतःऐवजी चाकांवरचा यंत्रमानव रांगेत उभा केला, त्याच्या डोक्याच्या जागी पडदा आणि पडद्यावर तिचा चेहरा. लोक हसले. मला वाटतं, त्या रांगेचं खरं स्वरूप त्या यंत्रानेच उघडं केलं. तिथे कुणीतरी उभं असल्याशी मतलब. कोण उभं आहे याच्याशी दुकानाला देणंघेणं नव्हतं.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो हलका नाही. रांग हीच सगळ्यात लोकशाही पद्धत आहे, असं म्हणतात. पैसा कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त, पण दिवसाचे तास सगळ्यांना चोवीसच. जो आधी आला त्याला आधी. लिलावापेक्षा हे बरं नाही का? ओळखीपाळखीपेक्षा तर नक्कीच बरं.

बरं आहे, पण ते दिवसा. रात्रीची रांग लागली की ही समता कोलमडते. रात्रपाळीची परिचारिका तिथे उभी राहू शकत नाही. तान्हं मूल असलेली आई नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस बारा तास शौचालयाविना बसू शकत नाही. एकटी मुलगी अनोळखी पुरुषांच्या घोळक्यात पहाटे तीनला किती निर्धास्त असते ते तिलाच विचारा. उरतात ते मोकळा वेळ असलेले तरुण पुरुष आणि ज्यांच्या रात्रीचा दर स्वस्त आहे असे गरजू. आणि एकदा का रात्र विकत घेता येऊ लागली, की चोवीस तासांच्या समतेचा मुद्दाच निकालात निघतो. पैसेवाला झोपतो, त्याच्या नावाने दुसरा जागतो. शेवटी लिलावच होतो, फक्त त्याचा पैसा दुकानाऐवजी दलालाला जातो आणि जागणाऱ्याच्या हाती चिल्लर पडते.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. कुणी बंदुकीच्या धाकाने तर उभं केलेलं नाही ना? मग तुम्ही कोण सांगणार? हे मला शंभर टक्के मान्य आहे. रांगेतल्या माणसाला कुणीही काहीही सांगू नये. मी जे मागतोय ते दुकानाकडून मागतोय. रस्त्यावर चित्रीकरण करायचं असेल, सभा घ्यायची असेल, मांडव घालायचा असेल, तर बहुतेक शहरांत आधी परवानगी लागते, अनेकदा शुल्क आणि अनामत भरावी लागते, गर्दीची जबाबदारी कुणाची ते लिहून द्यावं लागतं. नव्या फोनच्या रात्री तोच फुटपाथ बारा-पंधरा तास व्यापला जातो, चालणारे रस्त्यावर उतरतात, शेजारच्या दुकानांची दारं अडतात, सकाळी कचऱ्याचा ढीग उरतो, आणि परवानगीच्या अर्जावर सही करायला कुणीच नसतं. का, तर हे ‘आपण होऊन आलेले लोक’. कित्येक दिवस आधी तारीख जाहीर करायची, वेळ जाहीर करायची, माल किती ते लपवायचं, रांगेसाठी आधीच लोखंडी कठडे मागवून ठेवायचे, आणि लोक आले की ‘आम्ही बोलावलं नव्हतं’ म्हणायचं! कठडे कुणासाठी मागवले होते मग?

करण्यासारखं बरंच आहे आणि ते आधीच कुठे ना कुठे करून झालेलं आहे. बीजिंगच्या त्या प्रकाराच्या सुमारास, २०१२ मध्येच, हाँगकाँगला ॲपलने ऑनलाइन नोंदणी आणि सोडत सुरू केली. ओळखपत्राच्या क्रमांकासह नाव नोंदवायचं, निवड झाली तर कळवलं जाईल, तेच ओळखपत्र दाखवून फोन घ्यायचा. रात्र जागून फायदा शून्य, त्यामुळे कुणी जागायचं कारण नाही. एप्रिल २०१५ मध्ये ॲपलचं घड्याळ आलं तेव्हा तर कंपनीने विक्रीच आगाऊ ऑनलाइन नोंदणीवर ठेवली. दुकानांच्या प्रमुख अँजेला अहरेंड्ट्स यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की रांगेत ताटकळण्याचे दिवस आता सरले. छान. त्याच वर्षी सप्टेंबरात नवा फोन आला आणि दुकानांसमोर रांगा हजर. सिडनीचा तो यंत्रमानव त्याच रांगेत होता. कंपनीला रांग बंद करता येते हे घड्याळाने सिद्ध केलं. फोनच्या वेळी तिला ती करायची नव्हती, एवढाच याचा अर्थ मला लागतो.

फोनला जवळचं आणखी एक उदाहरण व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्राचं आहे. २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ साठी जपानमधल्या आपल्या ऑनलाइन दुकानात सोडत ठेवली. अट अशी की अर्जदाराने आधीच्या स्विचवर किमान पन्नास तास खेळलेलं असलं पाहिजे आणि कंपनीचं ऑनलाइन सदस्यत्व किमान वर्षभर घेतलेलं असलं पाहिजे. दलालाला दहा खाती उघडता येतील, पण प्रत्येक खात्यावर पन्नास तास खेळत कोण बसणार? तरीही २२ लाख अर्ज आले आणि पहिल्या सोडतीत सगळ्यांना यंत्र मिळणार नाही हे कंपनीच्या अध्यक्षांनी आधीच सांगून टाकलं. निराशा झाली, पण ती घरी बसून झाली, आणि आकडा माहीत असून झाली.

सोडतीत दोष नाहीत असं नाही. ऑनलाइन विक्रीचंही रांगेसारखंच नाटक करता येतं. ठरलेल्या मिनिटाला मोजकाच माल खुला करायचा, काही सेकंदांत संपला म्हणून डांगोरा पिटायचा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चीनच्या शाओमीने सुरुवातीची काही वर्षं याच तंत्रावर नाव कमावलं. तिथे फुटपाथ अडत नाही आणि कुणाचे पाय सुजत नाहीत, एवढा फरक मात्र नक्की पडतो, आणि तो माझ्या लेखी लहान नाही.

रांगेची मजा गेली तर कसं, असंही काही जण कळवळून विचारतात. मजा ठेवावी की. ज्यांचं नाव सोडतीत निघालंय त्यांना सकाळी दहाची वेळ द्या, टाळ्या वाजवा, वॉझ्नियॅक यांना पहिल्या खुर्चीत बसवा, ज्यांना रात्रीच यायचंय त्यांच्यासाठी एखादं सभागृह उघडं ठेवा. खर्च कंपनीचा. तेवढा तिला झेपेल.

सोडत उद्या लगेच नको असेल तर निदान एक गोष्ट आजपासून करता येईल, तिला कायदा लागत नाही की तंत्रज्ञान. आदल्या संध्याकाळी दुकानाने दाराला आकडा लावावा. या मॉडेलचे एवढे, त्या मॉडेलचे एवढे. तेवढेच क्रमांक वाटावेत आणि बाकीच्यांना घरी जायला सांगावं. जे दुकान असं करणार नाही त्याच्याकडून नगरपालिकेने फुटपाथचं भाडं, बंदोबस्ताचा खर्च आणि फिरत्या शौचालयाचे पैसे आगाऊ वसूल करावेत. बातमीदारांनीही पहिल्या नंबरच्या पोराच्या तोंडासमोर माईक धरून ‘कसं वाटतंय’ विचारणं थोडं कमी करावं. त्याला छानच वाटत असतं. त्याच माईकने दुकानाच्या व्यवस्थापकाला विचारावं की आत आज किती फोन आहेत, हा आकडा तुम्हाला कधी कळला, आणि दोनशेव्या नंबरवरच्या माणसाला तो अजून का सांगितलेला नाही.